पार्श्वभूमी : फुफ्फुसाला मेद कशाला?

मेद म्हटलं की डोळ्यांपुढे पोट येतं, फार तर रक्ताच्या रिपोर्टातलं कोलेस्टेरॉल. फुफ्फुस कुणाच्या मनात येत नाही. पण फुफ्फुसातल्या वायुकोशांना, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्यांना, आतून मेदाचा एक अतिपातळ थर असतो, आणि तो नसेल तर श्वास सोडताक्षणी वायुकोश मिटायला लागतात. हा मेद कोणत्या पेशी बनवतात, त्यात नेमकं काय काय असतं, यावर आज मोठं संशोधन चालू आहे. त्याची सुरुवात मात्र मेदापासून झाली नाही.

१९२९ साली स्वित्झर्लंडमध्ये कुर्ट फॉन नेरगार्ड यांनी डुकराची फुफ्फुसं आधी हवेने फुगवली, मग गोंदाच्या द्रावणाने भरली. द्रावणाने भरताना दाब कितीतरी कमी लागला. ओल्या पृष्ठभागाला हवा भिडते तिथे पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आक्रसवू पाहणारी ओढ, तयार होतो. हवाच काढून टाकली की तो ताणही जातो. म्हणजे फुफ्फुस आक्रसतं ते केवळ त्याच्या लवचीक तंतूंमुळे नव्हे, त्यात मोठा वाटा या ताणाचा आहे. नवजात बाळाच्या पहिल्या श्वासाशी याचा संबंध असावा, हेही त्यांनी सुचवलं होतं. निबंध जर्मन भाषेत होता. पुढची पंचवीस-एक वर्षं त्याकडे जवळपास कुणी ढुंकून पाहिलं नाही.

खरं तर प्रश्न साधा होता. साबणाचे दोन फुगे, एक लहान, एक मोठा, नळीने जोडले तर मोठ्यातली हवा लहान्यात जाईल असं वाटतं. होतं उलट. लहान फुग्यात दाब जास्त, म्हणून तो आपली हवा मोठ्यात ओतून स्वतः नाहीसा होतो. आपल्या फुफ्फुसांत असे सरासरी ४८ कोटी वायुकोश आहेत, लहान-मोठे, वाटांनी एकमेकांशी जोडलेले. मग लहान वायुकोश मिटत का नाहीत?

उत्तर एका बाटलीत होतं, पण बाटली दुसऱ्याच फळीवर. नाझी राजवटीत जर्मनी सोडून बॉस्टनला आलेले सीगफ्रीड थानहाउजर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९४६ मध्ये फुफ्फुसाच्या ऊतीतून एक चमत्कारिक लेसिथिन, म्हणजे मेदाचाच एक प्रकार, वेगळं केलं. लेसिथिनच्या रेणूला मेदाम्लांच्या दोन शेपट्या असतात आणि त्यातली एक बहुधा वाकडी, असंतृप्त असते. इथे दोन्ही शेपट्या पामिटिक आम्लाच्या, सरळसोट. थंडीत तूप थिजतं आणि करडईचं तेल थिजत नाही, त्यामागे हाच फरक आहे: सरळ शेपट्या एकमेकींना घट्ट खेटून बसतात. या लेसिथिनचा थिजण्याचा बिंदू ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे शरीराच्या तापमानाच्याही वर. पदार्थाला नाव मिळालं. तो फुफ्फुसात करतो काय, हे कोडंच राहिलं.

ही दोन टोकं जवळ आली ती विषारी वायूंमुळे. इंग्लंडच्या पोर्टन डाउन इथल्या लष्करी प्रयोगशाळेत रिचर्ड पॅटल फॉस्जीन या विषारी वायूने फुफ्फुसात साचणाऱ्या फेसाचा अभ्यास करत होते. हा फेस फेसनाशकांना दाद देईना. पॅटलनी फुफ्फुसातून पिळून काढलेले बुडबुडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. हवेने संपृक्त पाण्यातला साधा बुडबुडा पाहता पाहता आकसून विरतो. हे मात्र तसेच टिकून राहायचे. म्हणजे त्यांच्या भिंतीवरचा ताण जवळपास शून्य! हे १९५५ मध्ये छापून आलं. त्याच सुमारास अमेरिकेच्या लष्कराच्या एजवूडमधल्या रसायन केंद्रात जॉन क्लेमंट्स यांनी फुफ्फुसाच्या अर्काचा थर तबकात पसरून त्याचं क्षेत्रफळ कमी-जास्त करत ताण मोजला. थर दाबला की ताण घसरायचा, ताणला की चढायचा. लहान वायुकोश मिटत नाही तो यामुळे. त्यांचा निबंध आला १९५७ मध्ये.

लगेच दोन वर्षांनी, १९५९ मध्ये, बॉस्टनच्या मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दगावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुफ्फुसांचा अर्क मोजला. धाप लागून गेलेल्या बाळांमध्ये ताण उतरायला हवा तितका उतरतच नव्हता. पुढे १९६१ मध्ये गाईबैलांच्या फुफ्फुसातून हा ताण उतरवणारा पदार्थ वेगळा केला, तर मुख्य घटक निघाला थानहाउजर यांचाच लेसिथिन. त्या पदार्थाला सर्फॅक्टंट हे नाव रूढ झालं. त्यात सुमारे नव्वद टक्के मेद, उरलेलं प्रथिन.

कारण कळलं, औषध नव्हतं. ऑगस्ट १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजाराने ३९ तासांत गेला. वजन दोन किलोच्या वर होतं. आज अशी बाळं सहसा वाचतात.

मग वाटलं, मेद माहीत आहे तर तोच द्यावा. मॉन्ट्रियलमध्ये आणि पुढे सिंगापुरात शुद्ध लेसिथिनचे तुषार बाळांना देऊन पाहिले. फारसं साधलं नाही, आणि त्यामुळे बऱ्याच जणांनी हा नादच सोडला. चूक कल्पनेत नव्हती, शुद्धतेच्या हट्टात होती: निव्वळ थिजलेला मेद पसरत नाही. त्याला पसरवायला जोडीचे पातळ मेद लागतात आणि प्रथिनं लागतात. १९८० मध्ये जपानच्या अकिता इथे तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुफ्फुसाचा अर्क, वर थोडा मेद घालून, दहा बाळांच्या श्वासनळीत सोडला आणि चित्र पालटलं. आज एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, वापरतात त्यापैकी डुकराच्या फुफ्फुसापासून केलेला एक पांढरट द्रव एक किलोच्या बाळाला अडीच मिलिलिटर लागतो. अर्धा चमचा!

इथवर सगळे अर्काचेच अभ्यास झाले. पेशी तशा सापडल्या होत्या. वायुकोशाच्या भिंतीत दोन जातींच्या पेशी असतात. त्यातली दुसऱ्या प्रकारची गुबगुबीत पेशी भिंतीचं जेमतेम पाच टक्के क्षेत्र व्यापते, पण सर्फॅक्टंट तीच बनवते आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या पुड्यांत साठवते. पंचाईत अशी की ती बाहेर काढून बशीत वाढवली की काही दिवसांत चपटी होते आणि आपलं मुख्य कामच विसरते. म्हणून १९७२ मध्ये ५८ वर्षांच्या एका रुग्णाच्या फुफ्फुसातल्या कर्करोगाच्या गाठीपासून निघालेली ए-५४९ ही पेशीमालिका, म्हणजे बशीत पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी, सोयीची वाटली. सोय खरी, पण कर्करोगाच्या पेशीच्या मेदावरून निरोगी फुफ्फुसाबद्दल किती बोलायचं, हा वाद तेव्हापासून आहे.

अलीकडे वस्तुमान पंक्तिमापीने (मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखण्याचं तंत्र) थोडक्या पेशींतलेही शेकडो मेद वेगवेगळे ओळखता येतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रकल्पाने दान मिळालेल्या मानवी फुफ्फुसातल्या पेशी जातवार निवडून प्रत्येकीचा मेद स्वतंत्र तपासला. यंत्र नवं, निवडणी नवी. पण मेद पेशीबाहेर काढण्याची कृती अजूनही क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉलचीच आहे. तिची एक लोकप्रिय आवृत्ती १९५९ मध्ये कॅनडाच्या हॅलिफॅक्स बंदरात ब्लाय आणि डायर यांनी बसवली, कॉड माशाच्या मांसासाठी.