कुरुंद की कार्बोरंडम? रॉडच्या गाईडमधला दगड निवडताना

मागच्या आठवड्यात शेजारचा मुलगा मासे गरवायचा नवा रॉड घेऊन दारात उभा. पिशवीतून पुरता बाहेरही काढला नव्हता. "काका, हा अॅल्युमिनियम ऑक्साइडवाला. दुकानात अजून एक आहे, तो एसआयसी गाईडवाला. बाकी सगळं सेम. त्याला बाराशे रुपये जास्त मागतोय. परत करून तो आणू का?"

प्रश्न रास्त होता, कारण दोन्ही रॉड शेजारी धरले तर मलाही ओळखता आले नसते. गाईड म्हणजे रॉडवर दोरी ओवायची जागा; धातूच्या फ्रेममध्ये बसवलेली काळपट, चकचकीत कडी दोन्हीकडे तशीच. रंगावर तर जाऊच नका, साधी कडीही काळी मिळते. खरं सांगायचं तर घरी बसून एक कडी दुसरीपासून ओळखण्याची सोपी युक्ती माझ्याकडे नाही. पाकिटावर काय छापलंय आणि छापणाऱ्यावर आपला किती भरवसा, एवढंच हातात उरतं.

गोंधळ नावातही आहे, आणि तो आजचा नाही. अॅल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे आपला कुरुंद. माणिक आणि नीलम हे त्याचेच रंगीत भाऊबंद. इंग्रजांनी 'कोरंडम' हा शब्द उचलला तोही तमिळ 'कुरुंदम'वरून. पुढे १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन नावाचा माणूस कृत्रिम हिरा करायच्या नादात चिकणमाती आणि कोक एकत्र करून त्यातून वीज सोडत होता. हिरा काही झाला नाही, पण निळसर काळे, भलतेच कठीण स्फटिक मिळाले. त्याला वाटलं, हे कार्बन आणि कोरंडम यांचं मिश्रण असणार, म्हणून त्यानं नाव ठेवलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात त्यात कोरंडमचा संबंध नव्हता, ते सिलिकॉन कार्बाइड निघालं. नाव मात्र चिकटलं. सुऱ्याकात्र्यांना धार लावायच्या दगडांवर आजही वाचायला मिळतं. गाईडमधलं 'एसआयसी' म्हणजे हेच. गाईड बनवणाऱ्या फुजी कंपनीच्या अल्कोनाइटसारखी वेगळ्या नावाची कडी दिसली तर ती अॅल्युमिनाच्या, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडच्याच घरातली, थोडी मजबूत केलेली, असं समजा.

आता या दगडांची गरजच का पडली ते बघू. तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) काय किंवा बारीक धाग्यांची विणलेली ब्रेड काय, दोरी स्वतः मऊच. घासते ती दोरीला चिकटून आलेली वाळू. वाळूतला गारगोटीचा कण कठीणपणाच्या मोह्सच्या मोजपट्टीवर ७ वर बसतो. स्टेनलेस स्टील त्याच्या खाली. म्हणून नुसत्या तारेच्या गाईडवर वर्ष-दोन वर्षं ब्रेड ओढली की नखाला जाणवेल अशी खाच पडते, आणि मग तीच खाच दोरी खायला लागते. अॅल्युमिना ९ वर, सिलिकॉन कार्बाइड त्याच्याही जरा वर, साडेनवाच्या आसपास. म्हणजे वाळूचा कण दोघांनाही ओरखडू शकत नाही. दुकानदार 'ब्रेडसाठी एसआयसीच पाहिजे, नाहीतर खाच पडते' असं सांगत असेल तर तो तारेच्या गाईडचा दोष अॅल्युमिनाच्या माथी मारतोय. चांगल्या अॅल्युमिनाच्या कडीला ब्रेडनं खाच पाडलेली मी तरी अजून पाहिलेली नाही.

मग फरक कुठे? उष्णतेत. सिलिकॉन कार्बाइड उष्णता अॅल्युमिनाच्या सुमारे चौपट वेगानं वाहून नेतं. मासा दोरी घेऊन पळतो तेव्हा घासून तापलेली जागा एसआयसीत पटकन सगळ्या कडीत आणि फ्रेममध्ये पसरते, एका ठिकाणी साठत नाही. हे महत्त्वाचं का, तर ब्रेड पॉलिथिनची असते आणि साधारण १५० अंश सेल्सिअसच्या अलीकडेच वितळायला लागते. नायलॉनचा तंगूस २२०च्या आसपासपर्यंत तग धरतो. तंगूसवाल्यांनी ही चिंता जवळपास सोडूनच द्यावी.

पण ब्रेडवाल्यांनी तरी किती करावी? जरा हिशेब मांडू. ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना अडवणारा रिळाचा ब्रेक, चार किलोवर, म्हणजे अंदाजे ४० न्यूटन. मासा सेकंदाला पाच मीटर वेगानं सुटला तर २०० वॉट झाले. ऐकायला मोठं वाटतं, पण यातला बहुतेक भाग रिळाच्या ड्रॅगच्या चकत्यांत जिरतो, गाईडांच्या वाट्याला उरलेला, तोही पाच-सहा गाईडांत वाटून. शिवाय दोरी ओली असते. खाडीतला तीन-चार किलोचा जिताडा अशी धाव मारतो ती किती लांब? वीस-तीस मीटर, मग खांबाकडे किंवा खडकाकडे वळतो. त्यात ब्रेड वितळत नाही. अंदमानला जायंट ट्रेव्हॅलीच्या मागे गेलात, ड्रॅग दहा-बारा किलोवर आवळलात आणि मासा शंभर मीटर न थांबता गेला, तर हिशेब पार बदलतो. तिथे मी एसआयसीशिवाय रॉड हातात धरणार नाही.

दुसरा फरक वजनाचा. अॅल्युमिनाची घनता ३.९ च्या आसपास, सिलिकॉन कार्बाइडची ३.२. त्यात एसआयसीची कडी बहुतेक वेळा पातळही काढतात. हा फरक ग्रॅमच्याही अंशात मोजायचा, पण टोकाकडे वाचलेलं थोडं वजनही हलक्या रॉडला कळतं. पातळ कडीचा अजून एक फायदा दुकानात कोणी सांगत नाही. गाईडवरचा आकडा कडीच्या बाहेरच्या व्यासाचा असतो. त्यामुळे सहा नंबरच्या जाड कडीत आतलं भोक बरंच लहान उरतं, आणि लीडरची (गळाजवळ जोडलेल्या जाड दोरीची) गाठ फेकताना टकटक अडकते. तुम्ही जाड लीडर लांब बांधत असाल तर दगडापेक्षा या भोकाकडे आधी बघा. गुळगुळीतपणाबद्दल मात्र मी काही छातीठोक सांगणार नाही. एसआयसीला पॉलिश जास्त चांगलं चढतं हे खरं, फेक लांब जाते असंही म्हणतात. मला स्वतःला कधी जाणवलं नाही. वाऱ्याची दिशा बदलली की होणारा फरक त्याहून मोठा असतो.

आता माझी फजिती सांगतो, कारण त्या मुलालाही तीच सांगितली. तीन वर्षांपूर्वी कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्याच्या बाजूला, ओहोटी लागता लागता एक जिताडा लागला. रॉड महागाचा, गाईड एसआयसी. दोन धावा झाल्या, तिसऱ्या वेळी त्यानं नुसती मान हलवली आणि दोरी सैल. ओढून घेतली तर ब्रेडचं टोक कापसासारखं पिंजलेलं. मी अर्थातच दोरीला शिव्या दिल्या. घरी येऊन इअरबड ओला न करता टोकाच्या गाईडमधून फिरवला, तर एका जागी कापसाचा धागा अडकून राहिला. भिंग लावल्यावर दिसली ती केसाएवढी तडा. त्याच दिवशी खडकावरून उतरताना रॉडचं टोक दगडावर आपटलं होतं, 'टक्' असा आवाज आला होता, आणि मी दुर्लक्ष केलं होतं. कठीण म्हणजे चिवट नव्हे. दोन्ही कड्या शेवटी दगडच, आपटल्या की तडकतात. तडकलेल्या महागड्या कडीपेक्षा धड असलेली स्वस्त कडी शंभर वेळा बरी. तेव्हापासून इअरबडची डबी माझ्या गळांच्या पेटीतच असते.

आणि कडीइतकीच फ्रेम. खाऱ्या पाण्यात गाईड जातं ते बहुतेक वेळा दगड झिजून नाही, तर फ्रेमच्या पायाला, दोरा गुंडाळून इपॉक्सी लावलेल्या जागेच्या कडेला, गंज धरून. आधी इपॉक्सीखाली तांबूस डाग दिसतो, मग पाय हलतो. किंवा फ्रेमची पकड ढिली होऊन कडीच निसटून पडते आणि उघडा धातू दोरी कापतो. टायटॅनियमची फ्रेम समुद्राच्या पाण्यानं गंजत नाही, पण तिची किंमत ऐकून घरी सांगायची सोय नाही. तेव्हा चांगलं स्टेनलेस आणि घरी आल्यावर बादलीभर गोडं पाणी. हलक्या स्टीलमध्ये बसवलेली एसआयसी आणि नीट फ्रेममधली अॅल्युमिना यातून निवडायची वेळ आली तर मी डोळे झाकून दुसरी घेईन.

म्हणून मुलाला सांगितलं, तुझा रॉड ठेव. तू पुलाखाली आणि जेट्टीवर गरवतोस, तांबोशी नाहीतर जिताडा, वीस पाउंडाची ब्रेड. बाराशेतल्या थोड्या पैशात फक्त टोकाचं गाईड एसआयसीचं आण. वाकलेल्या रॉडवर दोरीचा सगळ्यात जास्त दाब टोकावर येतो, आणि आपटतंही तेच पहिलं.

"ते मला बसवता येईल?"

येतं. मधली गाईडं बदलायची तर दोरा कापून पुन्हा गुंडाळावा लागतो, पण टोकाचं नुसतं नळीनं बसलेलं असतं. आधी व्हर्नियरनं रॉडच्या टोकाची जाडी मोज, तेवढ्या आतल्या व्यासाची नळी माग. जुन्या नळीला लायटर दुरून फिरवत गरम कर, ज्योत ब्लँकला, म्हणजे रॉडच्या दांडीला, लावू नकोस, नाहीतर आतली इपॉक्सी जळून टोकच मोडेल. नळी सैल झाली की सरळ ओढ, पिळू नकोस. मग ग्लू गनची कांडी वितळवून टोकाला थोडा गोंद लाव, नवीन गाईड चढव, आणि तो घट्ट व्हायच्या आत रॉड डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून बाकीच्या कड्यांशी एका रेषेत आण. दहा-पंधरा सेकंद मिळतात. वाकडं बसलं तर काही बिघडत नाही, पुन्हा गरम कर.