यूकेचा स्पाउस व्हिसा नाकारला? अपिलाचे 28 दिवस आधी मोजा

व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं की घरात पहिला प्रश्न असतो, "आता पुन्हा कधी भरायचा?" त्याआधी पत्राचं शेवटचं पान वाचा. अपिलाचा हक्क आहे की नाही, हे बहुतेक वेळा तिथे, कारणांच्या लांबलचक मजकुराखाली असतं. घाबरलेल्या माणसाला जी ओळ आधी दिसायला हवी ती शेवटी छापणं हा अन्याय आहे, आणि त्यापायी लोकांचे दिवस फुकट जातात.

नवरा किंवा बायको म्हणून केलेला अर्ज हा मानवी हक्काचा, म्हणजे कुटुंबासोबत राहण्याच्या हक्काचा दावा धरला जातो. म्हणून तो नाकारला तर फर्स्ट-टियर ट्रिब्युनलकडे, म्हणजे अशी अपिलं ऐकणाऱ्या तिथल्या न्यायाधिकरणाकडे, अपील करता येतं. स्किल्ड वर्कर आणि स्टुडंट व्हिसाला सहसा फक्त ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू मिळतो. त्यात अधिकाऱ्याची चूक झाली का एवढंच पाहतात. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईचा व्हिजिटर व्हिसा नाकारला तर यातलं काहीच नाही. नवा अर्ज, नाहीतर ज्युडिशियल रिव्ह्यूचा, म्हणजे निर्णय कायद्याला धरून होता का हे न्यायालयाकडून तपासून घेण्याचा, खर्चिक रस्ता.

अर्ज भारतातून केला असेल तर निर्णय मिळाल्यापासून 28 दिवसांत अपील दाखल व्हायला हवं. हे कामाचे दिवस नाहीत. शनिवार-रविवार आणि दिवाळीही त्यात आली. निर्णय ईमेलने आधी आला आणि पासपोर्ट नंतर हातात पडला, तर ईमेलच्या तारखेपासून मोजा. अर्जदार यूकेतच असेल तर मुदत 14 दिवसांची, आणि ती नकाराचं पत्र पाठवल्याच्या तारखेपासून. मुदत टळलीच तर उशिराचं खरं कारण पुराव्यासकट लिहून मुदतवाढ मागता येते, पण ती मिळेलच असं नाही.

अपील ऑनलाइन भरता येतं. फी कागदपत्रांवरून निकालासाठी 80 पौंड, सुनावणीसह 140. लग्नाच्या खरेपणावरच शंका घेतली असेल तर वरचे 60 पौंड वाचवू नका. यूकेतला जोडीदार न्यायाधीशांसमोर बसून उत्तरं देतो, त्याचं वजन वेगळं असतं. भारतात असलेल्याला व्हिडिओवर साक्ष सहज देता येत नाही, त्यासाठी परवानगीची वेगळी प्रक्रिया आहे. म्हणून त्याचं सविस्तर, सही केलेलं लेखी निवेदन जोडा.

सगळ्यात जास्त घोळ उत्पन्नाच्या कागदांत होतो. 11 एप्रिल 2024 पासून नव्या अर्जांसाठी यूकेतल्या जोडीदाराच्या उत्पन्नाची अट वर्षाला 29,000 पौंडांची आहे. पगार पुरेसा असूनही माणसं नापास होतात, कारण कागद जुळत नाहीत. एकाच नोकरीत सहा महिने झाले असतील तर सहा महिन्यांच्या पे-स्लिप लागतात, आणि तोच पगार त्याच महिन्यांच्या बँक स्टेटमेंटमध्ये जमा झालेला दिसावा लागतो. शेवटचा कागद अर्जाच्या तारखेआधीच्या 28 दिवसांतला हवा. हे 28 दिवस वेगळे, अपिलाचे वेगळे. दोन्हींची गल्लत करू नका. मग कंपनीचं पत्र. एचआर दोन ओळींत "हे आमच्याकडे काम करतात" असं लिहून मोकळं होतं. त्यात वार्षिक पगार, नोकरी कधीपासून, हा पगार कधीपासून आणि नोकरी कायम की करारावर, हे सगळं असायला हवं. मसुदा तुम्हीच करून द्या.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. तिथल्या अधिकाऱ्याला मधलं नाव लग्नानंतर बदलतं हे माहीत असेल असं धरून चालू नका. लग्नाचा दाखला, नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद आणि एक पानाचा खुलासा जोडा. लग्नपत्रिका किंवा कुठलाही मराठी कागद देताना पूर्ण भाषांतर हवं, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याची ग्वाही, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क हवा.

कागद खरंच राहिला असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर नवा अर्ज बहुधा लवकर मार्गी लागतो. अपिलाची सुनावणी यायला महिने जातात. पण पत्रात खोटी माहिती किंवा बनावट कागद दिल्याचा आरोप असेल आणि तो चुकीचा असेल, तर त्याचं उत्तर न देता नवा अर्ज टाकू नका. तो शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जात समोर येतो.

अपील गेल्यावर सुनावणीआधी होम ऑफिस, म्हणजे व्हिसाचा निर्णय देणारं यूकेचं गृहखातं, आपला निर्णय पुन्हा तपासतं, आणि पुरावा नीट लावलेला असेल तर नकार तिथेच मागे घेतला जाऊ शकतो. म्हणून ट्रिब्युनलने दिलेल्या तारखा पाळा, ईमेल रोज बघा, स्पॅमसुद्धा. आणि "पक्कं करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी त्याची नोंदणी विचारा. यूकेत इमिग्रेशनचा सल्ला देणारा वकील तरी असावा लागतो, नाहीतर इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी या सल्लागारांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंदलेला. ओळखीतल्या गावाकडच्या एजंटाला ते बंधन लागू होत नाही, आणि मुदत चुकली तर भोगायचं तुम्हालाच.