‘स्थानिक क्षेत्र’ म्हणजे नेमकं कुठपर्यंत?

घुग्घुस-वणी पट्ट्यात कोळशाच्या रस्त्यालगतच्या वावरात कापूस वेचला की बोटं काळी होतात. त्याच गावांत शाळेच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर ‘सीएसआर निधीतून’ अशी पाटी दिसते. सीएसआर म्हणजे कंपनीनं सामाजिक जबाबदारी म्हणून करायचा खर्च. पूर्वी हे सगळं खाणीच्या साहेबाच्या मर्जीवर चालायचं. कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ १ एप्रिल २०१४पासून लागू झालं आणि सीएसआर हा संचालक मंडळाचा विषय झाला.

पण घोळ राहिला एका शब्दात. कंपनीनं कामाच्या ठिकाणच्या ‘स्थानिक क्षेत्रा’ला प्राधान्य द्यावं, असं कायदा म्हणतो, किती किलोमीटर, ते सांगत नाही. सुरुंगानं ज्याच्या घराला तडे जातात तो स्थानिक, की जिल्ह्याच्या ठिकाणचा चौकही स्थानिक? ऑगस्ट २०२१मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं खुलासा केला, की हे प्राधान्य बंधनकारक नाही, राष्ट्रीय प्राधान्यक्रमाशी त्याचा मेळ घालावा. एक कारण असं दिलं, की ई-कॉमर्ससारख्या धंद्यांचं स्थानिक क्षेत्र ठरवणं अवघड झालंय. त्या धंद्यांचं खरं असेल. कोळशाची खाण तर जागची हलत नाही! तिलाही तीच सूट देणं हा खाणपट्ट्यातल्या गावांवर अन्यायच होता. अंतर ठरवता येत नाही, असंही नाही. खाण कायद्याच्या २०१५च्या दुरुस्तीनं आलेल्या, खाणबाधितांसाठीच्या जिल्हा खनिज निधीकरता जानेवारी २०२४मध्ये ते ठरलंच: प्रत्यक्ष बाधित क्षेत्र खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंत, अप्रत्यक्ष २५पर्यंत.

जानेवारी २०२१च्या सुधारित सीएसआर नियमांनी मात्र एक गोष्ट चोख केली. दुसऱ्या कायद्यानं जे करणं भागच आहे, ते सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे खाणीच्या पर्यावरण मंजुरीच्या अटीनुसार रस्त्यावर पाणी मारणारा टँकर हा उपकार नव्हे, हे कागदावर आलं.

२०२२-२३पासून शेअर बाजारातल्या, बाजारमूल्यानं पहिल्या १,००० कंपन्यांना पाणी, उत्सर्जन, कचरा यांचा हिशेब वार्षिक अहवालात द्यावा लागतो. व्यवस्थापनाच्या दृष्टीनं हा बदल मोठा आहे. पण बहुतेक आकडे अख्ख्या कंपनीचे असतात, आपल्या शिवारालगतची खाण त्यात वेगळी दिसत नाही. खाणवार माहितीसाठी आजही पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवालच काढावा लागतो. त्याच्या तारखा १ जून आणि १ डिसेंबर, आणि तो कुणालाही पाहता येतो.