गाळात उरलेले प्रोटॅक्टिनियम

युरेनियम शुद्ध करायचे तर खनिज नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि त्यातले युरेनियम काढून घेतात. मागे उरतो तो गाळ. ब्रिटनमध्ये अशा सुमारे ६० टन गाळावर तिथल्या अणुऊर्जा प्राधिकरणाने बारा टप्प्यांची प्रक्रिया केली. १९६१ पर्यंत हाती आले जेमतेम १२५ ग्रॅम प्रोटॅक्टिनियम-२३१, म्हणजे एका किरणोत्सारी मूलद्रव्याचा २३१ अणुभाराचा प्रकार. खर्च सुमारे ५ लाख डॉलर. पण पुढे कितीतरी वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांना याच साठ्यातून नमुने मिळत राहिले.

इतके कमी का? युरेनियम-२३५ चे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) सुमारे ७० कोटी वर्षे आणि त्याच्या विघटनातून तयार होणाऱ्या प्रोटॅक्टिनियमचे फक्त ३३ हजार. जितके घडते तितकेच झडते, त्यामुळे खनिजात एक टन युरेनियममागे ते एक तृतीयांश ग्रॅमच सापडते. त्यात त्याचा स्वभाव चिकट! साध्या आम्लात ते पाण्याशी अभिक्रिया करून अतिसूक्ष्म कण बनवते, काचेच्या भिंतींना चिकटते, गाळणकागदावर अडकते. द्रावणात ते नीट टिकते हायड्रोफ्लुओरिक आम्लामुळे, कारण फ्लोराइड त्याला घट्ट धरून ठेवते.

भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर यांनाही प्रोटॅक्टिनियम असेच उरलेल्या चोथ्यात गवसले होते. १९१७ साली सहकारी ओटो हान युद्धावर असताना बर्लिनमध्ये त्या जवळजवळ एकट्याच काम करत होत्या. पिचब्लेंड हे युरेनियमचे खनिज नायट्रिक आम्लात उकळून खाली राहिलेला सिलिकायुक्त अवशेष त्यांनी तपासायला घेतला. १९१८ मध्ये दोघांच्या नावाने शोध जाहीर झाला. त्यातला माइटनर यांचा वाटा ठळकपणे सांगायलाच हवा, असे मला वाटते.

याच चिकटपणाचा समुद्रशास्त्राला मोठा उपयोग होतो. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या युरेनियमपासून थोरियम-२३० आणि प्रोटॅक्टिनियम-२३१ ठरलेल्या प्रमाणात तयार होतात. दोन्ही कणांना चिकटून तळाशी जातात. थोरियम लवकर, प्रोटॅक्टिनियम जरा रेंगाळत. तेवढ्या वेळात प्रवाह त्याला दूर वाहून नेतो. म्हणून तळाच्या जुन्या चिखलातले या दोघांचे गुणोत्तर मोजले, की तो थर साचला तेव्हा खोल पाणी जोरात वाहत होते की मंदावले होते, हे समजते. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस उत्तर अटलांटिकमधला खोल प्रवाह खूपच क्षीण झाला होता, याचा एक भक्कम पुरावा या चिखलातूनच मिळाला.