काच हलत नाही, तेव्हा करंट कुठे अडतो?

कारच्या दरवाज्याची काच बटणावर हलायची थांबली की पहिला संशय मोटरवर जातो. नवी मोटर बसते, डोअर पॅड (दरवाज्याचं आतलं आवरण) पुन्हा लागतं आणि काच तरीही जागची हलत नाही. बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या वाटेवर फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), एक-दोन स्विच, काही कपलर (वायरी जोडणारे प्लग) आणि बिजागरापाशी रोज वाकणारी वायर, एवढं सगळं असतं. त्यातलं काहीही बिघडलं तरी बाहेरून दिसणारं लक्षण एकच. म्हणून पार्ट बदलण्याआधी करंट कुठपर्यंत पोचतो आणि कुठे थांबतो, हे शोधायला हवं. यातलं बरंचसं पाना किंवा स्क्रूड्रायव्हर हातात न घेताही कळतं.

दरवाज्यातली मोटर कायम चुंबकाची, छोटी डीसी मोटर असते. साध्या रचनेत तिला दोनच वायर असतात. करंट एका बाजूने गेला तर काच वर, उलट बाजूने गेला तर काच खाली. मोटरच्या टोकाला वर्म गियर असतो. त्यातला स्क्रू दातेरी चाकाला फिरवू शकतो, पण चाक स्क्रूला फिरवू शकत नाही. त्यामुळे मोटर बंद असताना काच स्वतःच्या वजनाने खाली घसरत नाही आणि बाहेरून दाबूनही उघडत नाही. चाकाची हालचाल पुढे रेग्युलेटरकडे, म्हणजे काच वर-खाली नेणाऱ्या यंत्रणेकडे जाते. तो केबल आणि पुलीचा असतो किंवा कैचीसारख्या पट्ट्यांचा.

आता मोटरचा एक गुण, ज्यावर सगळं निदान उभं आहे. चुंबकाच्या क्षेत्रात फिरणारी गुंडाळी स्वतःही वीज निर्माण करते आणि ती वीज बॅटरीच्या विरुद्ध दिशेने जोर लावते. मोटर जितकी वेगात फिरेल तितका हा विरोध जास्त, आणि तितका बॅटरीतून येणारा करंट कमी. मोकळेपणाने काच ओढणारी मोटर साधारण ५ अँपिअर घेते. तीच मोटर जाम झाली की विरोध शून्यावर येतो. मग करंटला अडवणारा उरतो तो फक्त गुंडाळीचा रोध, आणि तो एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. १२ व्होल्टवर ०.७ ओहम म्हणजे जवळपास १७ अँपिअर. थोडक्यात, अडकलेली मोटर चालत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त वीज खेचते.

हे डोळ्यांना दिसू शकतं. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा, गाडीच्या आतला छताचा दिवा लावा आणि काचेचं बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला तर मोटरपर्यंत करंट पोचतोय. मोटर जाम आहे, किंवा काच कुठेतरी आवळली आहे. दिव्यावर काहीच परिणाम झाला नाही आणि दरवाज्यातून आवाजही आला नाही, तर करंट वाटेतच तुटलाय. दिवा एलईडीचा असेल तर मंद होणं दिसेलच असं नाही. अशा वेळी एसीचा पंखा चालू ठेवून त्याच्या आवाजातला फरक ऐकावा. आणि मोटर फिरल्याचा घरघर आवाज येतोय पण काच हलत नाही, तर विजेचा प्रश्नच मिटला. केबल तुटली आहे, गियरचे दाते गेले आहेत किंवा काच तिच्या क्लिपमधून सुटली आहे. डोअर पॅड काढायला हरकत नाही.

दुसरी खूण दिशेची. काच खाली जाते पण वर येत नाही, अशी तक्रार खूप असते. मोटर तीच, वायरही त्याच दोन. बदलते ती फक्त करंटची दिशा. त्यामुळे वरचं बटण दाबल्यावर पूर्ण शांतता असेल आणि दिवाही मंद होत नसेल, तर साध्या रचनेत दोष जवळजवळ नक्की स्विचमध्ये असतो. तेच बटण दाबल्यावर दिवा मंद होत असेल, मोटर कण्हत असेल, तर स्विच निर्दोष आहे. काच वर नेताना तिचं वजनही उचलावं लागतं. थकलेली मोटर किंवा कोरडं पडलेलं रबर चॅनल (काच ज्यातून सरकते ती रबराची खाच) आधी तिथेच हार मानतं.

स्विच बिघडतो कसा, तेही समजून घेण्यासारखं आहे. मोटरचा करंट तोडताना कॉन्टॅक्टच्या (स्विचमधल्या एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या भागांच्या) दोन टोकांमध्ये क्षणभर ठिणगी उडते. गुंडाळीत साठलेली ऊर्जा ती ठिणगी ताणून धरते आणि दर वेळी धातूचा सूक्ष्म कण जाळून नेते. काही वर्षांनी कॉन्टॅक्ट काळा आणि खड्डेदार होतो. चालकाच्या दरवाज्यावरच्या मुख्य स्विचवर हा भार सर्वांत जास्त. जुन्या रचनेत तर इतर दरवाज्यांचा करंटही याच मुख्य स्विचमधून जाऊन परत येतो. म्हणजे मागच्या डाव्या काचेचा दोष चालकाच्या हाताखाली दडलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक काच दोन्हीकडून चालवून पाहावी. मुख्य स्विचवरून चालते पण स्वतःच्या बटणावर नाही, तर ते बटण तपासा. त्याआधी काचांचं लॉक चुकून दाबलेलं नाही ना, तेही. स्वतःच्या बटणावर चालते पण मुख्य स्विचवरून नाही, तर दोष मुख्य स्विचमध्ये. चारही काचा एकदम बंद पडल्या असतील तर दरवाज्यांचे पॅड काढून उपयोग नाही. फ्यूज, रिले आणि अर्थ (करंट गाडीच्या धातूच्या अंगातून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) बघा. फ्यूज उडालेला सापडला तर त्याच अँपिअरचा लावावा. जास्तीचा लावला तर जळायची पाळी वायरवर येते.

एकच काच मुकी आहे आणि दोन्ही स्विच ठीक वाटतात, तेव्हा दरवाजा उघडून बिजागराच्या बाजूला असलेली रबरी घडीदार नळी बघा. गाडीच्या अंगातून दरवाज्यात जाणाऱ्या सगळ्या वायरी यातून जातात आणि दरवाजा उघडला-मिटला की दर वेळी त्याच जागी वाकतात. तांबं वारंवार वाकवलं की कडक होतं, मग त्यातली एकेक तार तुटत जाते. बाहेरचं प्लॅस्टिक मात्र लवचीक असल्याने शाबूत राहतं. नळी मागे सरकवून एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढली, तर चांगली वायर ताठ राहते. तुटलेली त्या एका जागी रबरासारखी लांबते, कारण तिथे आत तांबं उरलेलंच नसतं. दरवाजा अर्धा उघडा ठेवला की काच चालते आणि मिटला की थांबते, असा अनुभव येत असेल तर आधी इथेच बघावं. चालकाचा दरवाजा सर्वांत जास्त वेळा उघडतो, म्हणून ही तूट बहुधा त्याच दरवाज्यात होते.

मल्टीमीटर हाती घेणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. मोटरचा कपलर काढायचा, त्यात मीटरच्या पिना लावायच्या, बटण दाबायचं. मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि मोटर दोषी ठरते. हा निष्कर्ष चुकीचा असू शकतो. समजा, वायरीतली एकच बारीक तार शिल्लक आहे आणि गंजामुळे तिथे १० ओहमचा अडथळा तयार झालाय. मल्टीमीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. त्यापुढे १० ओहम म्हणजे दहा लाखावा भाग. मीटरला तो जाणवतही नाही. आता ०.७ ओहमची मोटर जोडा. पूर्ण वाटेचा रोध १०.७ ओहम, करंट जेमतेम १.१ अँपिअर, आणि मोटरच्या वाट्याला येतात ०.८ व्होल्ट. बाकीचे ११ त्या गंजलेल्या जागी संपतात. नळ बंद असताना पाइपमध्ये कचरा अडकलाय की नाही हे दाबमापकावर कळत नाही, तसंच हे.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: मोटर जोडलेली असताना, बटण दाबून धरून, कपलरच्या मागच्या बाजूने पिना घालून मोजा. दोन वायरींमध्ये ११ व्होल्टच्या आसपास मिळत असतील आणि मोटर ढिम्म असेल, तर मोटर गेली किंवा जाम आहे. २-३ व्होल्टच मिळत असतील तर दोष वाटेत आहे. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकाला लावावी आणि दुसरी मोटरच्या करंट येणाऱ्या वायरला. बटण दाबल्यावर जे व्होल्टेज दिसेल तेवढं वाटेत खर्च होतंय. अर्धा व्होल्ट चालेल, ५ व्होल्ट चालणार नाही. दुसरी पिन मोटरकडून मागे स्विचकडे, तिथून फ्यूजकडे सरकवत न्यायची. जिथे आकडा एकदम खाली येईल, त्याच्या आणि आधीच्या जागेच्या मध्ये दोष आहे. अर्थच्या बाजूलाही हेच करायचं. ती बाजू बहुतेक जण तपासतच नाहीत, वास्तविक साध्या रचनेत काच थांबलेली असताना मोटरच्या दोन्ही वायरी स्विचमधून अर्थलाच जोडलेल्या असतात, आणि परतीचा करंट त्याच कॉन्टॅक्टमधून जातो. मल्टीमीटर नसेल तर बल्बचा टेस्ट लॅम्प कितीतरी वेळा त्याहून खरं सांगतो, कारण तो थोडा तरी करंट ओढतो.

मोटरच दोषी असेल तर बऱ्याचदा कार्बन ब्रश (फिरत्या गुंडाळीला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेले असतात. बटण दाबून डोअर पॅडवर मोटरच्या जागी मुठीने हलका ठोसा दिला आणि काच हलली, तर ब्रशचा स्पर्श तुटत होता. हा इलाज नाही, निदान आहे.

दोन-तीनदा वर-खाली केल्यावर काच थांबते आणि काही मिनिटांनी पुन्हा चालते, तेव्हा अनेक मोटरींच्या आत असलेलं, तापल्यावर करंट रोखणारं संरक्षण काम करत असतं. घर्षण वाढलंय. रबर चॅनल पुसून त्यात सिलिकॉन स्प्रे मारावा. खनिज तेल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

नव्या गाड्यांमध्ये बटणातून मोटरचा करंट जातच नाही. बटण फक्त संदेश देतं आणि दरवाज्यातलं कंट्रोल युनिट मोटर चालवतं. मोटरला दोनहून जास्त वायरी दिसल्या तर बॅटरीचे १२ व्होल्ट थेट लावून बघण्याचा मोह आवरावा. सर्किट जळू शकतं. तिथे स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचणं योग्य. काही दरवाज्यांत एअरबॅगचा सेन्सरही असतो, त्यामुळे कपलर काढण्याआधी बॅटरीची जोडणी सोडून गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबावं. मोटर किंवा रेग्युलेटर सोडण्याआधी काच वरच्या चौकटीला चिकटपट्टीने बांधून ठेवावी. वर्म गियरचा आधार सुटला की ती बोटांवर येते. डोअर पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा फाडू नये, फाटलाच तर नवा लावावा. तो नसेल तर काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी पॅडमध्ये आणि पायाखाली झिरपतं.

बॅटरी सोडली असेल तर एका झटक्यात पूर्ण वर जाणारी काच नंतर अर्ध्यावर थांबू शकते किंवा आपोआप खाली येऊ शकते. हा नवा बिघाड नाही. काच कुठे आहे हे कंट्रोल युनिट मोटरच्या फेऱ्या मोजून ठरवतं आणि वीज गेली की अनेक गाड्यांत तो हिशोब पुसला जातो. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरलं की मोजणी पुन्हा सुरू होते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात असते. मधे काही आलं तर काच उलटी फिरली पाहिजे. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियमांनुसार आपोआप बंद होणाऱ्या काचेचा दाब १०० न्यूटनच्या पुढे जाण्याआधी हे घडायला हवं, म्हणजे साधारण १० किलो वजनाइतका. दुरुस्तीनंतर ही चाचणी वर्तमानपत्राची गुंडाळी मधे धरून करावी, हात घालून कधीच नाही.