व्हॅनेडियम फ्लो बॅटरीचा इलेक्ट्रोलाइट

फ्लो बॅटरीत वीज साठते ती टाक्यांमधल्या द्रवात, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमध्ये. दोन टाक्यांतली द्रावणे पंपाने सेलमधून फिरवतात. मध्ये पातळ पडदा असतो. किती तास वीज मिळणार हे टाकीच्या आकारावर ठरते. व्हॅनेडियम या धातूचा प्रकार मारिया स्कायलास-काझाकोस यांच्या गटाने १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात विकसित केला. दोन्ही बाजूंना एकच मूलद्रव्य असल्याने पडद्यातून थोडे पाझरले तरी द्रावण कायमचे बाद होत नाही. चार्ज होताना एका टाकीतले हिरवे द्रावण जांभळे होते, दुसरीतले निळे पिवळे.

नागपुरात खरी कसोटी हवामानाची. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे सल्फ्युरिक आम्लात, लिटरमागे सुमारे १.६ मोल व्हॅनेडियम असते आणि ते साधारण १० ते ४० अंश सेल्सिअसमध्येच नीट विरघळून राहते. नवतपात इथला पारा ४५च्या पुढे जातो. सौर पॅनेलवरची बॅटरी दुपार कलताना भरत येते, म्हणजे पिवळे, पाच संयुजेचे (चार्ज झालेले) व्हॅनेडियम सर्वाधिक असते नेमके तेव्हाच टाकीही तापलेली असते. द्रावण बराच वेळ तसेच राहिले, की व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचा तांबूस-नारिंगी साका धरतो आणि सेलमधल्या कार्बन फेल्टची (इलेक्ट्रोड म्हणून वापरलेल्या सच्छिद्र थराची) छिद्रे बुजवतो. थंडीत उलटे: पहाटे पारा १०च्या खाली, बॅटरी रात्रभर वापरून उतरलेली, आणि हिरव्या-निळ्या क्षारांचे स्फटिक होण्याची भीती.

नुसते आम्ल वाढवून भागत नाही. त्याने पिवळे व्हॅनेडियम टिकते, पण बाकीच्या रूपांची विद्राव्यता घटते. फॉस्फोरिक आम्ल अल्प प्रमाणात उपयोगी पडते. जास्त झाले तर त्याचाच साका बसतो. टाकी थंड ठेवायची तर साठवलेलीच वीज खर्ची पडते. म्हणून विदर्भासाठी २०११चे काम मोलाचे वाटते: अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीने सल्फ्युरिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचे मिश्रण वापरून व्हॅनेडियमचे प्रमाण लिटरमागे २.५ मोलपर्यंत नेले आणि तापमानाची मर्यादा उणे ५ ते ५० अंशांपर्यंत रुंदावली. क्लोराइडमुळे पाच संयुजेचे व्हॅनेडियम विरघळलेले राहते. मात्र बॅटरी जास्त चार्ज झाली तर क्लोरीन वायू सुटू शकतो, त्यामुळे चार्जिंगवर कडक नियंत्रण हवे.

व्हॅनेडियम महाग असल्याने सेंद्रिय क्विनोनांचाही (वीज साठवू शकणाऱ्या कार्बनयुक्त रेणूंचाही) शोध चालू आहे. हार्वर्डच्या गटाने २०१४ मध्ये क्विनोन-ब्रोमीन बॅटरी दाखवली. तिथे अडचण साक्यापेक्षा रेणू हळूहळू तुटण्याची आहे.