घरभाड्याची थकबाकी आणि ताबा (सोलापूर)

भाड्याने दिलेले घर, दुकान किंवा मागाच्या कारखान्याचा गाळा यांचे भाडे थकल्यावरून मालक आणि भाडेकरू यांच्यात उभा राहणारा वाद, तसेच त्या कारणावरून न्यायालयामार्फत जागेचा ताबा परत मिळवण्याची रीत. बोलण्यात याला ‘घर खाली करून घेणे’ म्हणतात, वकिली भाषेत ‘ताब्याचा दावा’ किंवा ‘निष्कासन’ असे शब्द वापरले जातात. ‘भाडे’ हा शब्द संस्कृत ‘भाटक’पासून प्राकृतमार्गे आला आहे. जुन्या कागदपत्रांत ‘कूळ’ हा शब्द ऋणको, अशील आणि भाडोत्री अशा अनेक अर्थांनी आढळतो. १९४८ च्या कुळकायद्यानंतर मात्र तो शेतजमीन कसणाऱ्यापुरता रूढ झाला, म्हणून प्रस्तुत नोंदीत ‘भाडेकरू’ हाच शब्द योजला आहे.

सोलापुरात १८७७ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कापड गिरणीपासून भाड्याच्या खोल्यांची मागणी वाढत गेली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती साखर पेठ आणि शहराच्या पूर्व भागात दाटली. तेथे एकाच छपराखाली पुढे माग आणि मागे संसार अशी घरे पुष्कळ आहेत. यंत्रमाग आणि विडी या दोन्ही धंद्यांत मजुरी बहुधा आठवड्याच्या हिशेबाने हाती येते, भाडे मात्र महिन्याने द्यायचे असते. काम बंद पडले की आधी भाडे थांबते, आणि या शहरातील थकबाकीचा विचार ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज करता येत नाही.

भाडेनियंत्रणाचा आरंभ नेमका कधीपासून मानावा याविषयी एकवाक्यता नाही. मुंबई इलाख्यात पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, भाडेवाढीवर निर्बंध घालणारे कायदे झाले, परंतु ते तात्पुरते होते. त्यानंतर १९३९ आणि १९४४ चे कायदे आले. सलग परंपरा १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. हा अधिनियम फेब्रुवारी १९४८ मध्ये अंमलात आला आणि त्याने प्रमाण भाडे (कायद्याने मान्य केलेले कमाल भाडे) १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. सोलापूर ब्रिटिश मुलखात असल्यामुळे येथे हाच कायदा होता. पंचेचाळीस किलोमीटरांवरचे तुळजापूर मात्र निजामाच्या राज्यात होते आणि तेथे पुढे १९५४ चा हैदराबादचा स्वतंत्र कायदा चालला, ज्यात दिवाणी न्यायालयाऐवजी भाडे नियंत्रकाकडे जावे लागे. एका दिवसात जाऊन येता येईल अशा या दोन गावांत थकलेल्या भाड्याचे न्याय सुमारे अर्धशतक निराळे होते. ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला तेव्हा हा भेद मिटला.

१९४७ च्या अधिनियमातील कलम १२ हे या विषयातले सर्वांत वादग्रस्त कलम होय. भाडेकरू प्रमाण भाडे देत असेल किंवा देण्यास ‘तयार व राजी’ असेल तोवर त्याला काढता येत नाही, हे त्याचे मूळ तत्त्व. मात्र पोटकलम ३ चे दोन भाग होते. भाडे महिन्याने देय आहे, प्रमाण भाड्याबद्दल वाद नाही, थकबाकी सहा महिन्यांची किंवा अधिक आहे आणि नोटिशीनंतर महिनाभरात ती भरलेली नाही, अशा चारही गोष्टी जुळल्या तर पहिला भाग लागू होई आणि ताब्याचा हुकूमनामा (न्यायालयाचा निर्णायक आदेश) होऊ शके. इतर सर्व प्रकरणांत सुनावणीच्या पहिल्या दिवशी किंवा न्यायालयाने ठरवून दिलेल्या दिवशी रक्कम भरून, पुढेही नियमित भरत राहून जागा वाचवता येई. पहिल्या भागात आरंभी न्यायालय हुकूमनामा ‘देऊ शकेल’ असे शब्द होते. १९६३ च्या दुरुस्तीने ते ‘देईल’ असे झाले आणि न्यायाधीशाला असलेली निवडीची मुभा संपली.

यानंतर सारा वाद ‘महिन्याने देय’ या शब्दांवर एकवटला. नगरपालिकेचे कर किंवा शिक्षण उपकर भाडेकरूने वर्षाकाठी भरावयाचे आणि ते भाड्याचाच भाग मानले जात असतील, तर संपूर्ण भाडे महिन्याने देय राहत नाही आणि पहिला भाग लागू होत नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस व पुन्हा १९९० च्या सुमारास मांडले. वरवर ही शब्दांची कसरत वाटते. परंतु उपकराच्या एका ओळीवर कुटुंबाचे छप्पर टिकत होते, आणि ज्या कायद्याचा हेतूच संरक्षण हा होता त्याचा अर्थ संरक्षणाच्या बाजूने लावणे योग्यच होते. दुसऱ्या भागाबाबत न्यायालये अधिक कठोर राहिली. १९७८ आणि १९८० च्या निकालांनी स्पष्ट केले की कलमातील अटी पाळल्या तरच संरक्षण आहे, केवळ दयेपोटी ते देता येत नाही. १ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दोन भागांचा भेद काढून टाकला आणि थकबाकीवर सरळव्याजाची अट घातली.

सध्याच्या अधिनियमात कलम १५ त्याची जागा घेते. थकीत भाड्याची लेखी मागणी बजावल्यापासून नव्वद दिवस संपेपर्यंत मालकाला दावा दाखल करता येत नाही. दाव्याचे समन्स बजावल्यापासून आणखी नव्वद दिवसांत भाडेकरूने सर्व थकबाकी दरसाल दरशेकडा १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरली, दाव्याचा निकाल लागेपर्यंत भाडे नियमित भरले आणि न्यायालय सांगेल तो खर्च दिला, तर या कारणावरून हुकूमनामा होत नाही. म्हणजे भाडे थकणे हा स्वतः अंतिम दोष नाही. संधी देऊनही ते न भरणे हा दोष आहे. दावा चालू असता भरणा चुकवला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या मुंबई दुरुस्तीतील आदेश १५-अ खाली भाडेकरूचा बचावच (दाव्याला दिलेले उत्तर) विचारातून काढून टाकला जाऊ शकतो. वसुलीपुरते पाहता तीन वर्षांपेक्षा जुने भाडे मुदतबाह्य ठरते.

व्यवहारात खटल्याचा निकाल बहुधा दोन कागदांवर फिरतो : नोटीस आणि पावती. नोंदणीकृत टपालाने आलेली नोटीस ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून परत गेली तरी योग्य पत्त्यावर पाठवली असल्यास ती बजावली गेली असे सामान्यतः गृहीत धरले जाते. पोस्टमनला परत पाठवून वाद टळतो असा समज असलेल्या भाडेकरूचे नव्वद दिवस त्या शेऱ्यासह सुरू होतात. पावती देणे कलम ३१ नुसार मालकावर बंधनकारक आहे, तरीही पेठांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या भाडे रोख आणि विश्वासाने दिले गेले. मालकाच्या मुलांच्या काळात तो विश्वास पुरावा म्हणून उभा राहत नाही. मालक भाडे घेण्यास नाकारत असेल तर मनिऑर्डरने किंवा बँकेमार्फत पाठवून त्याचा कागद जपणे एवढाच निर्धोक मार्ग उरतो.

नव्या वसाहतींत, विशेषतः जुळे सोलापूर व होटगी रस्ता भागात, भाडेकराराऐवजी परवाना करार (लिव्ह अँड लायसन्स) रूढ आहे. निवासी परवान्याची मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो आणि जागा न सोडल्यास दुप्पट शुल्क द्यावे लागते. करार लेखी व नोंदणीकृत असणे कलम ५५ नुसार आवश्यक आहे आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

दावा लघुवाद न्यायालयात आणि ते नसेल तेथे दिवाणी न्यायाधीशापुढे चालतो. अपील तीस दिवसांत करावे लागते, दुसरे अपील नाही. उच्च न्यायालयातील कामासाठी सोलापूरकरांना पूर्वी मुंबईस जावे लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे पीठ) सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. न्यायालयाबाहेर कुलूप लावणे, नळ किंवा वीज तोडणे याला कायद्यात थारा नाही. कलम २९ अत्यावश्यक सेवा तोडण्यास मनाई करते आणि बळाने बाहेर काढलेल्याला १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत ताबा परत मागता येतो.

गावठाणातील जुन्या वाड्यांत थकबाकीचा प्रश्न वेगळे रूप घेतो. तेथे भाडे इतके अल्प असते की मालकाला वसुलीत रस नसतो, दुरुस्ती परवडत नाही, आणि भिंती खचल्यावर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. १९४० च्या पातळीवर गोठलेले भाडे अवाजवी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्येच म्हटले होते. १९९९ च्या अधिनियमाने दरसाल चार टक्के वाढीस मुभा दिली, पण मुळात रक्कमच लहान असल्याने फरक थोडा पडला. पाडण्याच्या आदेशावरून ताबा मागण्याची तरतूद कलम १६ मध्ये आहे. मात्र इमारत पडली म्हणून भाडेहक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ मध्ये ठरवले. त्यामुळे वाडा जमीनदोस्त झाल्यानंतरही भाडेकरूने भाडे भरत राहणे किंवा ते भरण्याची तयारी लेखी कळवणे त्याच्या हिताचे असते.